ओटीचे तास

आमच्या जिनिंगमंदी ओव्हरटाईम नव्हताच. हे मी नाई म्हनून राह्यली, सुधाकरराव मालक म्हनत होते, अन् मालक खोटं कसे बोलतीन? आदिलाबादेत त्यांच्या नावाच्या दोन पानपोया हायेत. सकाळी आठले भोंगा, मधात एक तास भाकरीले, अन् पाचले सुट्टी. हाजरीच्या वहीत चव्वेचाळीस बायांच्या नावापुढं पाचच वाजलेले असत. मंग पाचपासून सातपर्यंत मशीनीत कापूस कोन लोटत होतं म्हनसान, तर आमीच लोटत होतो. पन त्याले काम नाई म्हनत. त्याले 'ओटीचे तास' म्हनत.

आता हे ओटीचे तास काय ते बाहेरच्या मानसाले समजनार नाई, म्हनून सांगते. मालकीनबाई म्हंजे द्वारकाबाई. त्या दरसाल संक्रांतीले जिनिंगच्या बायांले घरी हळदीकुंकवाले बोलावत. ओटीत नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी अन् एक साडी. एवढी साडी भेटून राह्यली तर बायांनी काई करायले नको? म्हनून दिवाळी झाली, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर लागल्या, का आमचे उद्धवराव मुनीम पाचच्या ठोक्याले शेडमंदी येत अन् दोन्ही हात जोडून म्हनत, "चला व मायबाया हो, आजचे दोन तास ओटीचे." हात जोडून, बरं का! मानूस एवढे हात जोडतो तवा त्याले पैसे मांगायची लाज वाटते. हप्त्यातले सहा दिवस, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. अन् साडी पंचावन्न रुपयाची. मी पाच सालं हे केलं, पाच साड्या घेतल्या, अन् मालकाले भरभरून दुवा देल्ली. येडीच होती म्हना.

सहाव्या साली, म्हंजे अठ्ठ्याऐंशीच्या भादव्यात, माझा नवरा गेला. नागोराव. गाड्यावर हमाली करे. तीन दिवस ताप आला अन् चौथ्या दिवशी आटोपलं. त्याचं इथं नाई सांगत. सांगाले बसली तर हे ओव्हरटाईमचं राहून जाईन.

दिवाळी झाल्यावर मी कामावर गेली. कपाळ मोकळं, हात मोकळे. विधवा बाईनं काय खावं, कुठं बसावं, कोनाच्या लग्नात कुठवर जावं, हे सगळं मले गल्लीतल्या बायांनी पंधरा दिवसांत शिकवून टाकलं होतं. लय हुशार बाया. एक गोष्ट मात्र कोनी सांगितली नाई. आमच्या जिनिंगमंदी दोन जुन्या विधवा होत्या, भागाबाई अन् चंपाबाई. त्या पाचच्या भोंग्याले पदर झटकून घरी जात. मी पाच सालं पाह्यत होती, मले वाटे म्हाताऱ्या हायेत, थकत असतीन. अवो, त्या थकत नव्हत्या! त्यांले मालूम होतं का विधवेची ओटी भरत नाई, तर मंग ओटीचे तास कायचे करायचे? हे त्यांले मालूम, मुनीमजीले मालूम. मलेच नाई. मी नवी विधवा होती, अजून शिकून राह्यली होती.

मुनीमजीनं माझं कपाळ रोज पाह्यलं. रोज पाचले हात जोडले. "सोजरबाई, तू जाय घरी," हे चार शब्द काई त्याच्या तोंडातून निंगाले नाई. काऊन निंगतीन? कापसाची भल्ली गर्दी होती त्या साली. विधवेच्या हातानं लोटला म्हनून कापूस काई अडत नाई, अन् सरकी काढलेली रुई तर तशीबी पांढरीच. छप्पन दिवस मी थांबली.

हळदीकुंकवाच्या दिवशी सगळ्या बाया नटूनथटून निंगाल्या, त्यांच्यासंगं मीबी निंगाली. नटली नव्हती, धुतलेलं लुगडं तेवढं नेसली होती. मालकाच्या फाटकात मुनीमजी उभे. बायांले आत सोडून राह्यले, अन् मले पाह्यल्याबरोबर त्यांचा चेहरा असा झाला जसा कोनी भर बाजारात उधारी मांगितली.

"सोजरबाई, तू कुठं व?"

"ओटीले."

"तुयी ओटी कशी भरायची? तूच सांग बरं."

"ओटी नका भरू," मी म्हनलं. "कुंकू नका लावू. साडी तेवढी द्या. रेणुकाबाईले देता तशी."

रेणुकाबाईचं सांगायचं राह्यलं. ती माझ्या बाजूच्या मशीनीवर असे. ती बौद्ध, हळदीकुंकू मानत नाई, आत जातच नसे. मुनीमजी तिले दरसाल फाटकावरच साडी देत, पेपरात गुंडाळून. म्हंजे बिना कुंकवाची साडी द्यायची सोय होती जिनिंगमंदी! मी तेच बोट दाखवून म्हनलं, कारन रेणुकाबाई तवाच पेपरातली साडी काखेत घेऊन उभी होती.

मुनीमजीनं मोठ्या मायेनं समजावलं. "तिचं वेगळं हाय. तिनं कुंकू सोडलं. तुयं गेलं."

घ्या! एवढा बारीक कायदा वकिलाले तरी सुचन का? मी आवाज चढवला. "मुनीमजी, माझं कुंकू भादव्यात गेलं. छप्पन दिवस तुमी मले पाचच्या बाद ठेवलं, तवा तुमचे डोये फुटले होते का?"

"हळू बोल," ते म्हनले, "आत कार्यक्रम चालू हाय. अन् तुले कोनी धरून ठेवलं होतं? तू मनानं थांबली."

मी मनानं थांबली म्हने. रेणुकाबाईनं माझा हात धरला अन् मले तिथून ओढत नेलं, नाईतर त्या दिवशी मी मुनीमजीचं धोतर फाटकावर टांगून आली असती.

रेणुकाबाईचा भाऊ दौलत मास्तर, बाजारहत्नूरच्या शाळेत. संक्रांतीच्या सुट्टीत बहिनीकडे आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं अन् पह्यला सवाल साडीचा नाई केला. म्हने, "सोजरबाई, हप्त्याचे अठ्ठेचाळीस तास झाल्यावर वरच्या कामाची मजुरी दुप्पट असते, हे मालूम हाय का?"

"दुप्पट कोनाची?"

"तुमची. सगळ्या बायांची. साडीचा अन् मजुरीचा संबंध नाई, अन् कुंकवाचा तर मुळीच नाई."

बारा रुपये रोजाची मी बाई. मास्तरनं पाटीवर मांडलं, एकशेबारा तास, तासाचे तीन रुपये, तीनशे छत्तीस. मी त्याले परत मोजाले लावलं. मंग पाच सालांच्या पाच साड्या आठवल्या, अन् कोनाले शिव्या द्याव्या ते समजेना. त्या तीनशे छत्तीसले मी हटून बसली. फुकटचे नव्हते ते, छप्पन दिवसांची माझी पाठ होती त्यात. मास्तरनं लेबर हापिसाले तेलुगूत अर्ज लिवला, मी अंगठा केला, रेणुकाबाईनं ऐटीत सही केली.

सरकारी मानूस एवढ्या लवकर येत नसते, पन हा लेबर साहेब करीमनगरकडून नवाच आलता. त्याले अजून काम करायची सवय होती. आठ दिवसांत जिनिंगमंदी हजर! मशीनी बंद केल्या, आमाले ओळीनं उभं केलं. साहेबाले मराठी येत नव्हतं, मालकाले तेलुगू जेमतेम, म्हनून सगळं हिंदीत चाललं.

"चेप्पम्मा," साहेब माझ्याकडं पाहून म्हनला, म्हंजे बोल माय. "पाँच बजे के बाद काम किया?"

मी तोंड उघडाच्या आधी मालक हसले. "साहब, ओव्हरटाइम हमारे यहाँ है ही नहीं. हाजरी देख लीजिए."

साहेबानं हाजरी पाह्यली. सगळ्यांचे पाच. चाळीस बाया खाली मान घालून उभ्या. त्यांचं काय, त्यांच्या साड्या तर पेटीत पडल्या होत्या. एक तर माझ्या कानात फुसफुसली, "सोजर, तुयापायी आमची ओटी बुडन व." साहेबानं वही मिटली. मले वाटलं, गेलं, आता हा चहा पिऊन जाते.

पन भगवंतानं उद्धवराव मुनीमाले अक्कल देताना हात आखडला होता. त्याले मालकाचं मोठेपन साहेबाले दाखवायचं होतं. तो खिशातून कागद काढत म्हनला, "साहब, हमारे मालक का दिल देखो. पाँच के बाद जो जो बाई प्रेम से रुकी, सबकी ओटी भरी. ये देखो लिस्ट. एकेचाळीस साडियाँ. नाम से."

"पाँच के बाद रुकी?" साहेबानं विचारलं.

"प्रेम से, साहब."

"कितने दिन?"

"रोज, साहब! दिवाली से संक्रांत. सात बजे तक. एक दिन भी नागा नहीं."

मालकाचा चेहरा पाहाले पाह्यजे होता तुमी. साहेबानं ती यादी घडी करून आपल्या फाईलीत ठेवली अन् मुनीमजीले 'थँक्यू' म्हनला. मुनीमजी खूश! मालकानं त्याले नंतर हापिसात नेऊन काय म्हनलं ते आमाले शेडपर्यंत ऐकू आलं, पन ते इथं सांगन्याजोगं नाई.

आता मालक फसले. बेचाळीस बायांले तीनशे छत्तीस परमानं द्याचे म्हंजे चौदा हजाराच्या वर गेलं. अन् अशा वेळी मानसाले काय सुचते पाहा. मालक समाजसुधारक झाले! खरंच सांगून राह्यली. रथसप्तमीले अजून बारा दिवस होते, तवर हळदीकुंकू चालतेच. मालकानं जाहीर केलं का आमी जुन्या रूढी मोडून राह्यलो, आमच्या जिनिंगच्या विधवा बहिनीचीबी ओटी भरनार. शेडमंदीच मंडप टाकला. पेपरवाला बोलावला, फोटोवाला बोलावला. लेबर साहेबाले खास निमंत्रन. बापजन्मी ज्याले विधवा दिसली नव्हती तो मानूस खुर्चीवर उभा राहून भाषन करत होता का बाई ही बाईच असते. टाळ्या पडल्या. भागाबाई अन् चंपाबाई माझ्याकडं पाहून हसल्या, त्यांले ओटीले बोलावलं नव्हतं. एकच विधवा पाह्यजे होती ना, अर्ज करनारी.

मुनीमजी आदल्या दिवशी माझ्या घरी आलता. "ओटी भरली का तुयं समाधान," तो म्हनला. "मंग एका कागदावर सगळ्या बायांचे अंगठे, अन् भांडन खतम." मी मनात ठरवलं होतं, जाईन, सगळ्याईच्या देखत ओटी झिडकारीन, साडी मालकाच्या खुर्चीवर फेकीन अन् येईन. रात्रभर वाक्य घोकली. लय चांगली वाक्य होती, आता आठवत नाई.

मंडपात मले पाटावर बसवलं. मालकीनबाई पुढं आल्या. त्या यवतमाळकडच्या, लय देवभोळ्या, सोवळ्याओवळ्याच्या. मले वाटलं, या तोंड वाकडं करतीन. त्या खाली बसल्या अन् हळूच म्हनल्या, "सोजर, त्या दिवशी तू फाटकातून परत गेलीस, मला कोणी सांगितलंच नाही गं. आता तरी लावू का कुंकू?"

मी घोकलेलं सगळं विसरली. मुंडी हलवली. त्यांच्या बोटाचा गार गार स्पर्श कपाळाले झाला अन् मले असं रडू फुटलं का काय सांगू. भादव्यात सगळ्याईनं मिळून जे पुसलं होतं, ते एका बाईनं परत लावलं. मालकाचा राग, मुनीमजीचा राग, तीनशे छत्तीस रुपये, सगळं पान्यात गेलं. फोटोवाला फटाफट फोटो काढून राह्यला होता. बाया डोये पुसत होत्या. त्यांनी माझ्या पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, साडी ठेवली.

तेवढ्यात मुनीमजी वाकला. हातात कागद, दुसऱ्या हातात शाईची डबी. "सोजरबाई, अंगठा." पह्यला माझा घ्यायचा होता, मंग बाकीच्यांचे.

खरं सांगू? मी अंगठा शाईत बुडवला होता. कायलेबी अंगठा देल्ला असता मी त्या वेळी.

रेणुकाबाई माझ्या मागं उभी होती. ती मोठ्यानं म्हनली, "मुनीमजी, थांबा, आधी वाचू तर द्या. मास्तरची बहीन हाय मी." अन् तिनं कागद त्याच्या हातातून घेऊन साऱ्या मंडपाले ऐकू जाईन असा वाचला. "पाच वाजल्यानंतरच्या सर्व कामाची मजुरी आम्हांस ओटी व साडीच्या रूपाने पूर्ण मिळाली असून आमचे काही घेणे राहिले नाही."

माझा हात तिथंच थांबला. मी मालकीनबाईकडं पाह्यलं. त्या अजून माझ्या पुढंच बसल्या होत्या, कुंकवाचा करंडा हातात.

"बाई," मी म्हनलं, "हा अंगठा देल्ला तर तुमी आता लावलं ते कुंकू मजुरीत धरलं जाईन."

मालकीनबाईले पह्यले समजलंच नाई. त्यांनी कागद घेतला. स्वतः वाचला. परत वाचला. मंग मालकाकडं वळून एवढ्या हळू बोलल्या का मागच्या बाया ऐकाले पुढं सरकल्या.

"बारा वर्षं मी उपास करून, देवापुढं दिवा लावून ह्या बायांच्या ओट्या भरते. ती ह्यांची मजुरी होती?"

"अगं, नुसता कागद आहे तो," मालक म्हनले.

"माझ्या हातानं मजुरी वाटून घेतलीत तुम्ही? ह्यांचाच पैसा ह्यांच्याच ओटीत घालून मी पुण्य मोजत बसले?" आता त्यांचा आवाज चढला होता. "कुठं फेडू मी हे?"

"लोक पाहताहेत, द्वारका."

"पाहू देत. फोटोवाले, काढा फोटो."

तो मेला खरंच काढून राह्यला होता. मालकीनबाई उठून साहेबासमोर गेल्या. "साहेब, लिहून घ्या. ओटी म्हणजे पगार नव्हे. ओटीत दिलेलं मी परत मागणार नाही आणि कुणाच्या हिशेबात धरू देणार नाही. ह्यांच्या कामाचं जे होतं ते वेगळं द्यायचं."

साहेबाले एक अक्षर समजलं नाई. त्यानं रेणुकाबाईकडं पाह्यलं. ती म्हनली, "साब, मालिक की औरत बोल रही, साडी पगार नहीं है." साहेबानं पेनाचं टोपन काढून लिवलं अन् मालकीनबाईची सही घेतली. सुधारक मालक खुर्चीवर बसले होते. त्यांच्या मांडीवर कोनीतरी मानाचा नारळ ठेवला होता, तो धरून बसले.

मी शाईचा अंगठा माझ्याच पदराले पुसला. डाग अजून गेला नाई.

महिन्याभरात हुकूम आला. बेचाळीस बायांले पैसे भेटले. "तुयापायी ओटी बुडन" म्हननारी रांगेत सगळ्याईच्या पुढं होती, अन् दोनदा मोजून घेतले तिनं. पेपरात मालकाचा फोटो छापून आला. खाली लिवलं होतं, विधवेची ओटी भरनारा उद्योजक. ओव्हरटाईमचं एक अक्षर नाई.

पुढच्या दिवाळीपासून मुनीमजीनं हात जोडनं बंद केलं. पाचले येऊन नुसते विचारत, "कोन कोन थांबते?" भागाबाई अन् चंपाबाईबी थांबाले लागल्या. आता तासाले कुंकवाचं कपाळ लागत नव्हतं ना. भागाबाई सव्वीस सालांपासून विधवा, पन सातपर्यंत अशी काम करे का जवान बायांनी तोंडात बोट घालावं. मी उगाच म्हाताऱ्या म्हनत होती त्यांले.

अन् संक्रांत आली. द्वारकाबाईनं हळदीकुंकू केलंच, घरीच केलं. बायांले बोलावनं आलं. आमा तिघीले आलं नाई. म्हनत होते का आदल्या साली विधवेची ओटी भरली म्हनून त्यांच्या सासरच्या मानसांनी त्यांले लय बोल लावले, अन् घरची म्हैस मेली तेबी माझ्याच कपाळावर ढकललं. मालकीनबाईचा राग नाई मले. एकदा मालकाले आडवी गेली ती बाई, रोज रोज कशी जाईन.

त्या संध्याकाळी सगळ्या बाया पाचले नटून निंगाल्या, रेणुकाबाई भावाकडं गेलती. आमी तिघी मशीनीवर थांबलो, दुप्पट मजुरीनं. एवढ्या मोठ्या शेडमंदी तिघीच. मालकाचं घर शेडले लागूनच, भिंतीपलीकडून बायांचे उखाणे अन् हसनं ऐकू येत होतं. भागाबाई कापूस लोटता लोटता माझ्याकडं न पाहता म्हनली, "सोजर, एक विचारू? तुले त्या दिवशी कुंकू लावलं, तवा कसं वाटलं व?"

मले पह्यले वाटलं, काईतरी तोडून बोलावं, मालकाले चार शिव्या द्याव्या. पन तिनं मशीन चालूच ठेवून कान माझ्याकडं केला होता. चंपाबाईबी थांबली होती.

"लय बरं वाटलं, माय," मी म्हनलं. "एवढं बरं वाटलं का अंगठाच देऊन टाकत होती."